कोल्हापुरात ‘अँटिफ्रीझ’ कशासाठी?

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत एक जुनी प्रीमियर पद्मिनी अजून चालू आहे. दिवाळी झाली की तिचे मालक एका रविवारी बॉनेट उघडून बसतात. एकदा त्यांच्या हातातला हिरव्या द्रवाचा डबा पाहून आमच्या अकरावीच्या वर्गातल्या मुलीने विचारले, “सर, इथं तर बर्फ पडत नाही. मग डब्यावर ‘अँटिफ्रीझ’ कशाला लिहिलंय?” काकांनाही उत्तर देता येईना. त्यांचे मिस्त्री तर म्हणत होते, नळाचे पाणी ओता, काही होत नाही.

प्रश्न रास्त आहे. आधी नावाकडे पाहू. या द्रवातला मुख्य घटक म्हणजे इथिलीन ग्लायकॉल. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्के वाढते. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असेल तर त्याला दाब सोसतो, ताण सोसत नाही, हे आपल्या उद्यमनगरातला कोणताही ओतारी सांगेल. लेहच्या हिवाळ्यात साधे पाणी भरलेली गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली, तर ब्लॉक तडकू शकतो. ग्लायकॉल मिसळल्यावर गोठणबिंदू किती उतरतो, हे बारावीच्या मुलांना करून पाहता येईल. 1 किलो पाण्यात 1 किलो ग्लायकॉल घेऊ. ग्लायकॉलचे रेणुवस्तुमान 62, म्हणजे सुमारे 16 मोल झाले. याला पाण्याच्या 1.86 या स्थिरांकाने गुणले की 30 येतात, म्हणजे गोठणबिंदू उणे 30 अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात तो उणे 34 च्या आसपास भरतो. हे सूत्र विरल द्रावणासाठी आहे आणि आपले द्रावण चांगलेच दाट आहे, म्हणून हा फरक.

मग निव्वळ ग्लायकॉलच भरले तर? ते उणे 13 लाच गोठते! शिवाय पाण्याचा विशिष्ट उष्मा ग्लायकॉलपेक्षा बराच जास्त असल्याने निव्वळ ग्लायकॉल उष्णता वाहून नेण्यात कमी पडते. ‘जास्त घातले की जास्त चांगले’ हा हिशेब इथे चालत नाही. निम्मे-निम्मे मिश्रणच बरे.

आता कोल्हापूर. आपण समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर आहोत, म्हणून इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. समजा हा जादा दाब चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो असेल, तर उत्कलनबिंदू 110 पर्यंत चढतो. ग्लायकॉल त्यात आणखी आठेक अंशांची भर घालते. वैभववाडीहून करूळ घाटाने गगनबावड्याकडे भरल्या गाडीने चढताना हेच आठ अंश उपयोगी पडतात. पाणी उकळले की वाफेचे बुडबुडे धातूला चिकटतात, तेवढ्या जागी उष्णता वाहून जात नाही आणि हेड वाकडे होते.

तरीही आमच्या मते आपल्याकडचे खरे कारण तिसरेच आहे: गंज. जुन्या गाडीत बिडाचा ब्लॉक, तांबे-पितळेचा रेडिएटर, शिशा-कथलाचे डाग आणि काही गाड्यांत अॅल्युमिनियमचे हेड असते. वेगवेगळे धातू आणि त्यांना जोडणारे क्षारयुक्त पाणी, म्हणजे प्रयोगशाळेतला विद्युतघटच की! शिवाय नळाच्या पाण्यातले कॅल्शियमचे क्षार तापलेल्या भागांवर साचतात, बंबात साचतात तसेच. डब्यातल्या द्रवात ग्लायकॉलखेरीज गंजरोधके असतात. ती वापरात संपत जातात, आणि ग्लायकॉलचेही हळूहळू आम्लांत रूपांतर होते. म्हणून जुन्या पद्धतीचे द्रावण साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते.

निवड करताना रंगावर जाऊ नये. रंग नुसता मिसळलेला असतो, आणि त्याबाबत सर्व कंपन्यांचा एकच नियम नाही. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली नवी द्रावणे पाच वर्षे टिकतात, पण शिशाच्या डागांना काहींपासून पुरेसे संरक्षण मिळत नाही. डागाचा रेडिएटर असेल तर सिलिकेट-फॉस्फेटचे पारंपरिक द्रावणच घ्यावे. दोन प्रकार एकत्र करू नयेत. कधीकधी त्यांचा चिखलासारखा साका होतो.

बदलताना इंजिन पूर्ण गार हवे. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडून तोंड भाजून घेतलेले लोक आम्ही पाहिले आहेत. खालची तोटी सोडून द्रव काढावा आणि नितळ येईपर्यंत ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावे. पुष्कळजण इथे चुकतात. धुतलेले थोडे पाणी ब्लॉकमध्ये राहतेच, त्यावर निम्मे-निम्मे मिश्रण ओतले तर ते पातळ होते. म्हणून एकूण क्षमतेच्या निम्मे न मिसळलेले द्रावण आधी ओतावे आणि उरलेली जागा ऊर्ध्वपातित पाण्याने भरावी. तयार मिश्रणाचा डबा असेल तर हा उपाय चालत नाही, तेव्हा नीट निथळू द्यावे.

काढलेला द्रव गटारात ओतू नये. पेठेतली गटारे जयंती नाल्याला आणि पुढे पंचगंगेला मिळतात. शिवाय ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्री-मांजरे ते चाटतात, लहान मुलेही पितात. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. कुणी प्यायल्याची नुसती शंका आली तरी लगेच दवाखाना गाठावा. सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर हा द्रव कधीच भरू नये.

काकांनी काढलेला द्रव लालसर गढूळ होता. शाळेतली पीएच कागदाची पट्टी त्यात बुडवली. नव्या द्रावणात ती अल्कधर्मी रंग दाखवते, इथे आम्लाकडे झुकली. त्या मुलीने दोन्ही पट्ट्या वहीत चिकटवून खाली तारखा घातल्या आहेत.