आतड्याचा कर्करोग : वेळीच ओळख

तुरीचे पोते वरून कितीही सुरेख दिसो, आम्ही व्यापारी आतील नमुना पाहिल्यावाचून सौदा करीत नाही. देहाविषयी मात्र ही दक्षता आमच्या बिदर-कलबुर्गी भागात क्वचितच आढळते. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर प्रथम लहानसा मांसांकुर उगवतो. त्याचा कर्करोग होण्यास बहुधा १० वर्षे लागतात. या अवधीत दुर्बिणीद्वारे तो काढल्यास अनर्थ टळतो. शौचावाटे रक्त पडल्यास मूळव्याध समजून स्वस्थ बसू नये. शौचाची सवय बदलणे, वजन घटणे, अंगातील रक्त कमी होणे हीही लक्षणेच होत. डोळ्यांस न दिसणारे रक्त मलपरीक्षेत कळते. कलबुर्गीस किदवई संस्थेचे केंद्र आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय तर १९४१ पासून सेवेत आहे. पंचेचाळिशी उलटताच बंधुभगिनींनी संकोच सोडून तपासणी करून घ्यावी, ही नम्र विनंती.