अधिकाराखालचा माणूस

जालन्याच्या एमआयडीसीत एखाद्या रोलिंग मिलच्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहिले, की एक गंमत लक्षात येते. सळ्यांनी भरलेला दहाचाकी ट्रक वॉचमनने नुसता हात वर करताच थांबतो. वॉचमन अंगाने किरकोळ, पगाराने त्याहूनही किरकोळ. ट्रक अडविण्याचे बळ त्या हातात नाही. तो हात कोणाच्या वतीने वर झाला आहे, हे ड्रायव्हरला ठाऊक असते. हाच वॉचमन सुटीच्या दिवशी दुसऱ्याच कारखान्याच्या फाटकात जाऊन हात वर करू लागला, तर त्याला कोणी हिंग लावून विचारणार नाही.

बळ निराळे आणि अधिकार निराळा. ख्रिस्ती धर्मविचारात हा भेद फार मोलाचा मानला आहे. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. तीत ‘दुनामिस’ आणि ‘एक्सूसिया’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठी बायबलात पहिल्यासाठी बहुधा ‘सामर्थ्य’ आणि दुसऱ्यासाठी ‘अधिकार’ हा शब्द येतो. आपण बोलताना हे दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो, आणि मग ‘देवाकडून बळ मिळते’ म्हणजे अंगात काहीतरी संचारते, अशी समजूत करून घेतो. शुभवर्तमानातील मांडणी तशी नाही.

मत्तयाच्या आठव्या अध्यायात कफर्णहूम गावी एक रोमन शताधिपती येशूकडे येतो. शताधिपती म्हणजे शंभर शिपायांवरचा अंमलदार, आपल्याकडच्या सुभेदारासारखा. त्याचा चाकर आजारी असतो. येशू घरी येण्यास निघतो, तर हा म्हणतो की घरी येण्याची गरज नाही, केवळ शब्द बोला. कारण तो सांगतो ते लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याला अधिकार आहे, असे तो आधी सांगत नाही. आपणही कोणाच्या तरी अधिकाराखाली आहोत, असे सांगतो, आणि म्हणून आपल्या शब्दावर शिपाई ये-जा करतात. वरच्याचे ऐकतो म्हणून खालचे त्याचे ऐकतात. जालन्यात एके काळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. आपल्या गावाला तरी हा दृष्टान्त परका वाटू नये.

याची दुसरी बाजू प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, आणि ती जराशी विनोदीही आहे. इफिस शहरात स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येशूचे नाव मंत्रासारखे वापरून भूत काढू पाहतात. भूत त्यांनाच विचारते, तुम्ही कोण? आणि त्यांना उघडेनागडे होऊन पळावे लागते. नाव तेच होते, पण नाते नव्हते. दुसऱ्या कारखान्याच्या फाटकात उभा राहिलेला वॉचमन तो हाच!

आता आपल्याच जालन्याकडे वळू. जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी राहिली, ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्यामुळे. ब्राह्मण कुटुंबातील हा तरुण 1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सहवासात ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. वडील न्यायालयात गेले. मुलगा अज्ञान आहे म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर घ्यावे या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एकाच घरात न्यायालयाचा, जातीचा, पित्याचा आणि स्वतःच्या विवेकाचा असे चार अधिकार एकमेकांसमोर आले. नारायणाने जो निवडला, त्याच्या पाठीशी त्या वेळी ना जात होती, ना घर.

असा माणूस 1860 नंतरच्या दशकात जालन्याच्या परिसरात येतो आणि त्याच्याभोवती जमतात ते प्रामुख्याने त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजांतील, विशेषतः मांग समाजातील लोक. वसाहतीला नाव दिले बेथेल, म्हणजे देवाचे घर. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब घरातून पळालेला असतो, धोंडा उशाला घेऊन उघड्यावर निजतो, आणि तिथेच त्याला स्वर्गापर्यंत पोचलेली शिडी दिसते. त्या जागेचे हे नाव. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या वस्तीला याहून समर्पक नाव सापडणे कठीण. विहीर, देऊळ, शाळा, सगळीकडे ज्यांना कोणाची तरी परवानगी लागे, त्यांना ‘तुम्ही देवाची लेकरे, हा तुमचा अधिकार’ असे सांगणे म्हणजे काय, याची कल्पना आज आपल्याला पुरती येणार नाही.

अर्थात बेथेलची जमीन काही स्वर्गातून उतरली नाही. ती निजामाच्या राज्यात, दिवाण सालारजंग यांच्या कृपेने मिळाली. दैवी अधिकारावर विसंबणाऱ्यालाही सरकारदरबारी अर्ज करावा लागतोच. इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. सर्व सत्ता देवाने नेमलेली आहे, अशा अर्थाचे पौलाचे वचन रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे, आणि राजेरजवाड्यांनी व साम्राज्यांनी ते आपल्या सोयीसाठी मनसोक्त वापरले. पण त्याच नव्या करारात न्यायसभेपुढे उभे केलेले पेत्रादी कोळी, माणसांपेक्षा देवाचे ऐकू, असे तोंडावर सांगतात; आणि बांधलेला येशू पिलाताला सुनावतो की तुझा अधिकारही वरून दिलेला आहे. माझ्या मते या सिद्धान्ताची खरी धार इथे आहे. अधिकार वरून आला असेल, तर तो मिरवणाऱ्यालाही त्याचा जाब द्यावा लागणार.

ही धार पंडिता रमाबाईंइतकी क्वचितच कोणी ओळखली असेल. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा अशी, की या नव्या शिष्येने चर्चचा शब्द निमूटपणे मानावा. रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळविले की भटभिक्षुकांच्या जोखडातून सुटून दुसऱ्या पाद्र्यांचे जोखड मानेवर घेण्यासाठी आपण आलो नाही. ख्रिस्ताची आज्ञा मान्य, मध्यस्थांची मक्तेदारी अमान्य. एकाकी विधवा, परक्या देशात, आश्रयदात्यांच्याच घरचे अन्न खाऊन हे लिहीत होती! हे बळ कोठून आले, याचे उत्तर शताधिपतीच्या गोष्टीत आहे.

1889 साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले. आणि अखेरची अनेक वर्षे त्या मूळ हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात गढल्या. शिकलेल्यांसाठी मराठी बायबल आधीच उपलब्ध होते. ते अडाणी बायकांना कळत नाही, ही त्यांची तक्रार. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. 1924 साली ते भाषांतर मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळविण्यापासूनच्या कामाला तिथल्याच बायकांचे हात लागले होते.