ग्रेडियंट चुकला की कुठे पाहावे? खोडदच्या दुर्बिणीचे उदाहरण

जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाचे 30 अँटेना. 14 मध्यभागी दाटीने, उरलेले 16 तीन भुजांवर. दर दोन अँटेनांचे संकेत गुणून एक मोजमाप मिळते. अशा जोड्या होतात 435.

प्रत्येक अँटेना संकेत थोडा कमी-जास्त करतो आणि लाटेला थोडे मागे-पुढे सरकवतो. पहिल्याला आयाम म्हणू, दुसऱ्याला कला. 3सी286 सारख्या ओळखीच्या स्रोताकडे पाहून हे आकडे शोधतात. मोजलेले आणि अपेक्षित यांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि ती कमीत कमी करायची.

त्यासाठी प्रोग्रामला ग्रेडियंट लागतो, म्हणजे एकेक आकडा जरासा हलवला तर बेरीज किती वेगाने बदलते ते. ग्रेडियंटचे फंक्शन आपण स्वतः लिहिले की चुका शिरतात. मग प्रोग्राम दोन-चार पावलांतच अडतो, आणि बेरीज मोठीच राहते.

आधी गोंगाट न मिसळता बनावट मोजमापे तयार करा. अँटेनांचे आकडे आपणच ठरवल्यामुळे उत्तर माहीत असते. त्या उत्तरावर बेरीज शून्य आलीच पाहिजे. ग्रेडियंटही तिथे शून्य येतो, पण त्यावर समाधान मानू नका. चिन्ह उलटे असलेला ग्रेडियंटसुद्धा तिथे शून्यच असतो! तपासणी नेहमी उत्तरापासून दूर, कुठल्याही आडवळणाच्या बिंदूवर करावी.

त्या बिंदूवर एक आकडा थोडा वाढवून आणि तेवढाच घटवून बेरीज काढा. दोन्हींतला फरक भागिले एकूण सरक, हा ग्रेडियंटच्या त्या घटकाचा अंदाज. वाढ-घटीचे हे पाऊल फार लहान घेण्याचा मोह टाळा. संगणक सुमारे 16 अंक सांभाळतो. जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी केली की त्यातले बहुतेक अंक नाहीसे होतात. या दुहेरी पद्धतीला साधारण एक लक्षांशाचे पाऊल पुरते. पायथनच्या सायपाय लायब्ररीत चेक_ग्रॅड हे फंक्शन आहे, पण ते एकच आकडा देते. चूक नेमकी कुठे, हे कळायला प्रत्येक घटक वेगळा छापलेला बरा.

आता आपल्या ग्रेडियंटचा प्रत्येक घटक आणि त्याचा हा अंदाज यांची गुणोत्तरे वाचा. सगळीकडे 2 पट फरक म्हणजे वर्गाचा 2 राहिला. कलेच्या घटकांत 57.3 पट म्हणजे अंश आणि रेडियन यांचा घोळ. सर्वांत फसवी खूण वेगळीच: पहिला अँटेना बरोबर, पुढचे अधिकाधिक चुकलेले, तिसावा थेट शून्य. इथे जोडीतल्या फक्त पहिल्या अँटेनाचा वाटा धरला गेला आहे. प्रत्येक अँटेना 29 जोड्यांत असतो. जोडीत तो दुसरा असेल तेव्हा त्याच्या कलेचे चिन्ह उलटते. तो वाटाही मिळवा.

व्यत्ययामुळे बाद केलेली मोजमापे बेरजेतून वगळली, पण ग्रेडियंटमध्ये राहिली, असेही घडते. म्हणून काही मोजमापे मुद्दाम बाद करून पुन्हा तपासा.

सगळे जुळूनही उत्तर भटकत असेल, तर दोष ग्रेडियंटचा नाही. सर्व अँटेनांची कला सारखीच सरकवली तर बेरीज बदलतच नाही, त्यामुळे उत्तरे अनंत होतात. एका अँटेनाची कला शून्य धरा आणि ती अज्ञातांतून काढून टाका.

ही तपासणी 3 अँटेनांवर सुरू करा. जोड्या तीनच, त्यामुळे सारे हाताने पडताळता येते. कोडमध्ये दर बदलानंतर ती पुन्हा चालवा.