गंजलेला भाग भंगारात देण्यापूर्वी

गोठ्याच्या कोपऱ्यात जुन्या जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा ढीग तुमच्याकडेही असेलच. ब्रॅकेट, जॅक, पाने, डबाभर नट-बोल्ट. भंगारवाला हे सगळे किलोवर नेतो, आणि तोच भाग दुकानात नवा घ्यायला गेलो की खिसा रिकामा होतो. जुन्या मॉडेलचे काही भाग तर पैसे मोजूनही मिळत नाहीत. तेव्हा देण्याआधी जरा बघा.

तारेच्या ब्रशने घासा आणि हातोडीने हलकेच ठोका. पापुद्रे सुटून पत्रा चाळणीसारखा दिसू लागला तर भाग गेला म्हणून समजा. गंज वरवरचा असेल तर तो घरच्या घरी निघतो.

गच्च बसलेल्या बोल्टावर पान्याने जोर काढू नका, डोके तुटेल. डिझेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी हलके ठोकून मग फिरवा. सुट्या भागांसाठी किराणा दुकानातले सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, उत्तम. आधी सोड्याच्या गरम पाण्याने ग्रीस धुऊन काढा, नाहीतर आंबट पाणी लोखंडापर्यंत पोचतच नाही. मग प्लॅस्टिकच्या बादलीत लिटरला साधारण ५० ग्रॅम या प्रमाणात पूड विरघळवून भाग बुडवा. काही तासांत गंज मऊ पडतो. जाड असेल तर रात्रभर ठेवा. घरी चिंच भरपूर असेल तर कोळही चालतो, फक्त वेळ जास्त लागतो. पण संडास साफ करायचे ॲसिड वापरू नका. ते चांगले लोखंडही खाते, आणि त्याच्या वाफेने शेजारची अवजारे गंजतात.

नक्षीदार, खाचाखोचांचा भाग असेल तर बॅटरी चार्जरची युक्ती बघा. प्लॅस्टिकच्या टबात दहा लिटर पाण्याला दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा घाला. गंजका भाग चार्जरच्या वजा टोकाला, साध्या लोखंडाचा निरुपयोगी तुकडा अधिक टोकाला जोडा. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. साधा १२ व्होल्टचा चार्जर लागतो. नवे स्वयंचलित चार्जर बहुधा बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत. अधिक टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. सोड्याऐवजी मीठ तर मुळीच नको, क्लोरीन वायू निघतो. हायड्रोजनही सुटतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि बिडी-काडी लांब ठेवा. पाण्यात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद. पोरांना जवळ फिरकू देऊ नका.

ॲल्युमिनिअमचे किंवा जस्ताचा मुलामा असलेले भाग यांपैकी कशातच बुडवू नका.

आता महत्त्वाचे. ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगचे जोड, स्प्रिंगा, बेअरिंग, ट्रॉलीच्या हुकाची पिन: हे गंजले असतील तर साफ करण्याच्या भानगडीत पडू नका, सरळ बदला. गंजाने पडलेल्या खड्ड्यापासून चीर सुरू होते, वरून ब्रश मारला तरी ती आतच राहते. कडक पोलादाच्या स्प्रिंगा आणि बोल्ट या आम्लात किंवा चार्जरच्या टबात ठेवले तर हायड्रोजन आत शिरून ठिसूळही होतात. उसाची भरलेली ट्रॉली चढावर असताना पिन तुटली तर काय होते, हे मी सांगायला नको.

गंज निघाला की भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच फडक्याने पुसून उन्हात तापवा. ओला ठेवला तर तासाभरात पिवळा थर पुन्हा चढतो. बाहेरून दिसणाऱ्या भागाला रेड ऑक्साईड आणि वर रंग, फिरणाऱ्या भागाला ऑईल किंवा ग्रीस. नंतर हे भाग रासायनिक खताच्या गोण्यांजवळ ठेवू नका. खत हवेतला ओलावा ओढते, आणि त्यातले क्षार गंजाला खतपाणीच घालतात.

कामात वापरलेले डिझेल आणि जळके ऑईल मात्र विहिरीच्या बाजूला ओतू नका. डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या.