फेस, गाळ आणि इंद्रायणी

इंद्रायणी नदी लोणावळ्याजवळ उगम पावून देहू, मोशी, आळंदी या गांवांवरून वाहत तुळापूर येथें भीमेस मिळते. तिच्या दक्षिणेस पिंपरी-चिंचवड व उत्तरेस चाकण येथील कारखाने आहेत. इ. स. २०२४ मध्यें आळंदीस तिच्या पात्रावर फेसाचे पांढरे थर तरंगतांना दिसले. वस्त्यांचें सांडपाणी व कारखान्यांचें मलिन पाणी पुरतें शुद्ध न होतां नदींत मिसळतें, त्याचा हा परिणाम होय.

फेस कां होतो? पाण्याचे रेणू परस्परांस ओढून धरितात. त्यामुळें पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. वाटींतील पाण्यावर अलगद ठेविलेली सुई तरंगते. साबणाचा थेंब पडतांच ती बुडते. साबणाच्या किंवा धुण्याच्या पावडरीच्या रेणूचें एक टोंक पाण्याकडे ओढलें जातें, तर दुसरें तेलासारखें असून पाण्यापासून दूर पळतें. म्हणून हे रेणू पृष्ठभागीं दाटी करितात, पृष्ठताण निम्म्याहूनही कमी होऊं शकतो, आणि खळखळत्या पाण्यांत शिरलेली हवा बुडबुड्यांच्या रूपानें टिकून राहते.

फेसाखालीं मात्र दुसरेंच कार्य चालतें. काळ्या जमिनींतील चिकणमातीचे कण पातळ पत्र्यांसारखे असतात. २ मायक्रोमीटर आकाराच्या कणास स्थिर पाण्यांत १० सेंटिमीटर खालीं जाण्यास सुमारें ८ तास लागतात. पत्र्याच्या पृष्ठावर ऋण विद्युत्भार असतो, कडेवर पुष्कळदां धन. कडा पृष्ठांस चिकटल्या म्हणजे पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना होऊन चिखल दाट होतो. धुण्याच्या पावडरींतील रेणू बहुधा ऋणभारित. ते कडांस बिलगले कीं बंगला मोडतो, चिखल पातळ होतो, आणि सुटे कण लवकर निवळत नाहींत. उलट, केसांच्या कंडिशनरमधील धनभारित रेणू पृष्ठांनाच चिकटतात व अल्प प्रमाणांत कणांचे पुंजके बांधतात. हेच प्रमाण फार वाढल्यास कण पुन्हां सुटे होतात. अशा धनभारित रेणूंनीं संस्कारिलेली माती रंग व ग्रीस दाट करण्यासाठीं उद्योगांत वापरितात.

यावरून बोध असा कीं, फेस विरला म्हणजे नदी निर्मळ झाली असें नव्हे. कांहीं द्रव्य गाळास चिकटून तळाशीं बसतें, कांहीं पाण्याबरोबर पुढील गांवीं जातें. ज्या आळंदीस भाविक इंद्रायणीचें पाणी तीर्थ म्हणून ओंजळींत घेतात, तेथें फेस बाजूस सारून भागणार नाहीं; सांडपाणी नदीस मिळण्यापूर्वींच शुद्ध झालें पाहिजे. घरींही पावडर आवश्यक तेवढीच वापरणें, हें विद्यार्थ्यांस आजच करितां येण्याजोगें कर्तव्य आहे.