सिरॅमिक वूल: आकडा, खाज आणि जुनं लायनिंग

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने मुळशीकडे निघालं की भूगाव मागे पडतं, पिरंगुट येतं आणि तिथून उरवडे, कासार आंबोलीच्या अंगाला कारखान्यांच्या शेड दिसू लागतात. धरण आणि ताम्हिणी घाटासाठी येणाऱ्यांना हा तालुका हिरवा दिसतो. पण इथे काय किंवा भोसरी-चाकणला काय, जिथे पोलाद तापवून कडक करतात, घडवतात किंवा वितळवतात, तिथे भट्टीच्या पत्र्याआड बहुधा एक पांढरं, कापसासारखं आवरण असतं. कामगार त्याला सिरॅमिक वूल म्हणतात. त्याबद्दलचे काही समज नुसते चुकीचे असते तर हरकत नव्हती. पण त्यांच्यामुळे इंधन वाया जातं आणि माणसाच्या छातीत धूळ जाते, म्हणून ते एकदा नीट तपासायला हवेत.

सगळ्यात खर्चिक गैरसमज वूलच्या ब्लँकेटच्या रोलवर छापलेल्या आकड्याचा आहे. १२६० लिहिलंय म्हणजे १२६० अंश सेल्सियसला रोज वापरता येईल, असं धरून चालतात. प्रत्यक्षात तो वर्गीकरणाचा आकडा आहे. त्या तापमानाला ब्लँकेट २४ तास ठेवलं तर ते लांबीत साधारण ४ टक्क्यांहून जास्त आकसत नाही, एवढंच तो सांगतो. सतत वापरासाठी या ग्रेडची मर्यादा ११०० ते ११५० अंशांच्या आसपास असते. आता ४ टक्के म्हणजे किती, ते टेप लावून पाहा. रोलची रुंदी ६१० मिलिमीटर; ४ टक्के आकसला तर २४ मिलिमीटरची फट पडते. तिच्यात सहज बोट जाईल. त्या फटीतून ज्वाळेची धग थेट पत्र्याला भिडते आणि बाहेरचा रंग नेमक्या त्याच रेषेत करपतो. म्हणूनच जाणकार फिटर ब्लँकेटच्या घड्या दाबून बांधलेले मॉड्यूल वापरतो. आकसताना ती दाबलेली घडी थोडी सुटते आणि फट भरून काढते.

हार्डनिंगची भट्टी ८५० ते ९५० अंशांना चालते, तिथे साधा ग्रेड आरामात टिकतो. फोर्जिंगचं बिलेट मात्र १२०० ते १२५० अंशांपर्यंत तापवतात. तिथे झिर्कोनिया मिसळलेला १४२५चा ग्रेड हवा. स्टोनवेअरची भांडी भाजणाऱ्या कुंभकारांनाही हेच लागू आहे, कारण त्यांची भट्टी १२८० अंशांच्या आसपास जाते. पैसे वाचवायचेच असतील तर आतल्या, ज्वाळेकडच्या थरात वाचवू नयेत. मागच्या थरांना साधा ग्रेड चालतो.

‘एवढं हलकं वूल नऊ इंची विटेच्या भिंतीची बरोबरी कशी करणार?’ हा प्रश्न जुन्या मिस्त्रींकडून अजून ऐकू येतो. उत्तर हिशेबात आहे. २३० मिलिमीटर जाडीच्या फायरब्रिकच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला साधारण ४६० किलो भरतं. १२८ घनतेचं, म्हणजे घनमीटरला १२८ किलो वजनाचं, ब्लँकेट २०० मिलिमीटर जाड लावलं तर त्याचं वजन २६ किलोच्या आत राहतं. भट्टी तापवताना आधी ही भिंतच तापवावी लागते. भिंतीचं सरासरी तापमान ४५० अंशांनी वाढलं असं धरलं, तर वीट चौरस मीटरमागे ढोबळमानाने ५७ युनिट वीज गिळते आणि वूल ३ युनिटांच्या आसपास. एका पाळीत चालून रात्री थंड होणाऱ्या भट्टीत हा खर्च रोज सकाळी नव्याने होतो. हे आवरण १९४०च्या दशकात अमेरिकेत पुढे आलं, पण १९७०च्या दशकात तेल महागल्यावरच जगभरच्या भट्ट्यांमध्ये ते जोरात शिरलं, ते याच कारणाने. महिनोन्‌महिने न विझणाऱ्या भट्टीत हा फायदा बराच कमी होतो. आणि जिथे वितळलेला धातू किंवा स्लॅग भिंतीला लागतो, तिथे विटेला किंवा ठोकून बसवलेल्या रॅमिंग मासला पर्याय नाही. तिथे वूल लावणं म्हणजे पैसे जाळणं.

आणखी एक समज असा की वूल जितकं सैल आणि फुगीर, तितकी उष्णता कमी जाते. गोधडीच्या बाबतीत हे खरं आहे, कारण ऊब तंतूंत अडकलेल्या स्थिर हवेमुळे मिळते. हजार अंशांना मात्र उष्णता प्रामुख्याने किरणांच्या रूपाने प्रवास करते आणि विरळ तंतूंमधून ती आरपार जाते. म्हणून तिथे ६४ घनतेपेक्षा १२८ घनतेचं ब्लँकेट उष्णता जास्त अडवतं.

पावसाळ्यात या तालुक्यात माल भिजणं नवीन नाही. भिजलेलं ब्लँकेट फेकून द्यावं लागतं, असं बरेच जण समजतात. साध्या ब्लँकेटमध्ये चिकटद्रव्य नसतं. ते हळूहळू वाळवलं की गुण बहुतांशी परत येतात. फक्त पहिल्या तापणीत पाणी वाफ होऊन जाईपर्यंत घाई करायची नाही. याच वूलचे बोर्ड आणि पेपर यांत मात्र सेंद्रिय बाइंडर, म्हणजे चिकटद्रव्य, असतो. नव्या भट्टीतून पहिल्या दिवशी येणारा धूर आणि उग्र वास त्याचाच. तो जळून जातो, पण त्या वेळी शेडची दारं उघडी हवीत.

आता आरोग्याकडे येऊ. इथे दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणतो, हे ॲस्बेस्टॉसच आहे. तसं नाही. ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारं स्फटिकमय खनिज आहे; त्याचा तंतू उभा चिरत जाऊन अधिकाधिक बारीक होतो. सिरॅमिक तंतू म्हणजे ॲल्युमिना आणि सिलिका वितळवून काढलेली काच, ती आडवी तुटते. दुसरा म्हणतो, ॲस्बेस्टॉस नाही म्हणजे निर्धास्त. हेही खोटं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे तंतू ‘२बी’ गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवले आहेत. आधार मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आहे. मात्र अमेरिकेत हे तंतू बनवणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसाच्या आवरणावर चट्टे आढळले आहेत. युरोपीय संघाने २०१० साली त्यांना अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत घातलं.

यात सर्वांत फसवी असते ती खाज. हाताला खाजतं म्हणून माणूस हातमोजे घालतो आणि नाकाला रुमाल बांधतो. पण कातडीला टोचतात ते जाड तंतू. फुफ्फुसात खोल जाणारे तंतू ३ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. ते टोचत नाहीत आणि रुमालात अडकतही नाहीत. नवीन ब्लँकेट कापताना निदान नीट बसणारा एन-९५ मास्क हवा.

जुनं लायनिंग काढताना तेवढ्यानेही भागत नाही. काही वर्षं तापलेला तुकडा हातमोजा घालून आडवा मोडून पाहा. पत्र्याकडची बाजू अजून मऊ पांढरी असते. ज्वाळेकडची बाजू ताठ, ठिसूळ झालेली असते आणि चिमटीत भुगा होते. हजार अंशांच्या वर दीर्घकाळ राहिल्यावर काचेचे स्फटिक बनू लागतात आणि त्यांत क्रिस्टोबलाइट नावाची स्फटिक सिलिका असू शकते. कामाच्या जागी श्वासातून जाणारी ही सिलिका त्याच संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे कर्करोगकारक म्हणून सिद्ध; सिलिकोसिसही तिच्यामुळेच होतो. म्हणजे शेडमध्ये सर्वांत धोकादायक वूल हे नव्या रोलमधलं नसून भट्टीतून उपसलेलं असतं. आणि बहुतेक वेळा तेच काम रोजंदारीवरच्या, सर्वांत कमी माहिती दिलेल्या माणसाला सांगितलं जातं. याचा मला राग येतो. कारण उपाय साधे आहेत: आधी पाण्याचा फवारा मारणं, चेहऱ्यावर घट्ट बसणारा पी-१०० फिल्टरचा मास्क, भुगा जाड पिशवीत बांधणं, हवेच्या पाइपने शेड आणि अंगावरचे कपडे न झाडणं आणि ते कपडे घरच्या धुण्यात न मिसळणं.

अलीकडे बायोसोल्युबल वूल मिळतं. त्यात ॲल्युमिनाच्या जागी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सिलिकेट असतात आणि शरीरातल्या द्रवात तंतू लवकर विरघळतात. हजार अंशांच्या आतल्या बहुतेक भट्ट्यांना ते पुरतं. तिथे मी तेच मागवायला सांगेन. पण त्यातही सिलिका आहे. बराच काळ तापलं की त्याच्याही ज्वाळेकडच्या बाजूला क्रिस्टोबलाइट तयार होऊ शकतं. त्यामुळे लायनिंग उपसण्याच्या दिवशी मास्क आणि पाण्याचा फवारा त्यालाही तितकाच लागतो.