पायचे अंक आणि पाटणचे अपूर्णांक

१४ मार्चला शाळांमधून ‘पाय दिन’ साजरा होतो. फळ्यावर ३.१४१५९ च्या पुढच्या अंकांची रांग लागते, ती घडाघडा म्हणणाऱ्या मुलाचे कौतुक होते. २०२२ मध्ये गूगलच्या एमा हारुका इवाओ यांनी ही रांग १०० लाख कोटी अंकांपर्यंत नेली. अशा विक्रमाची बातमी येते तेव्हा तिचा सूर असा असतो की, जणू पायच्या स्वभावाचा आणखी एक पदर उलगडला. वास्तविक या अंकांत पायइतकाच आपल्या दहा बोटांचाही वाटा आहे. आपण आठच्या पायावर मोजत असतो तर हीच संख्या ३.११०३७... अशी लिहिली असती. आणि त्या पद्धतीतले ११ म्हणजे आपले नऊ असल्यामुळे पाय दिन ९ मार्चलाच उरकला असता! शेताचे क्षेत्र एकरात सांगा की हेक्टरात, आकडा बदलतो, बांध तिथेच राहतो.

हे समजायला खान्देशाबाहेर जावे लागत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभारला आणि निकुंभ घराण्याने त्याला दान दिले, अशी त्यात नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे जन्मगाव कोणते यावर अजून वाद होतो, पण या मठाबद्दल शंका नाही. इथल्या अभ्यासातल्या ‘लीलावती’त (सुमारे ११५०) परिघासाठी दोन अपूर्णांक दिले आहेत : सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५० आणि स्थूल व्यवहारासाठी २२/७. एक किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात पहिल्याने परीघ जेमतेम सात मिलिमीटर चुकतो, दुसऱ्याने सव्वा मीटर. पहिल्याचीच किंमत आर्यभटांनी ४९९ मध्ये ६२८३२/२०००० अशी दिली होती. वर्तुळातल्या बहुभुजाच्या बाजू दुप्पट-दुप्पट करत ३८४ पर्यंत गेले की ती कशी हाती येते, हे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेत सोळाव्या शतकात समजावले. विक्रमांच्या गर्दीत या टीकाकाराचे नाव क्वचितच निघते.

आता हे दोन अपूर्णांक वेगवेगळ्या पायांत लिहून पाहा. ३९२७/१२५० दशमान पद्धतीत ३.१४१६ वर थांबतो, कारण १२५० चे मूळ अवयव २ आणि ५ एवढेच आहेत आणि दोन्ही दहाचे अवयव आहेत. २२/७ मात्र ३.१४२८५७१४२८५७... असा फिरत राहतो. पाया सातचा घेतला की पारडे उलटते : २२/७ नुसता ३.१ होतो आणि ३९२७/१२५० ला शेवट उरत नाही. म्हणजे थांबणे-न थांबणे पायावर ठरते. पण दोन्ही अपूर्णांकांची एक गोष्ट कुठल्याही पूर्णांकी पायात टिकते : जो थांबत नाही तो फिरून त्याच अंकांवर येतो. भागाकारात बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते, त्यामुळे कधी ना कधी जुनीच बाकी पुन्हा येणार. उलट, अंक थांबले किंवा फिरू लागले की ती संख्या अपूर्णांकच असते. पाय असा अपूर्णांक नाही, हे लँबर्ट यांनी १७६१ मध्ये सिद्ध केले. त्या सिद्धतेत अंक येतच नाहीत, म्हणून दोन, दहा, साठ अशा कुठल्याही पूर्णांकी पायात पाय थांबणार नाही आणि फिरणारही नाही.

यावर चतुर वाचक म्हणेल, मग पायाच पायचा घेऊ, पाय सरळ १० होईल! होईल खरा, पण मग साधा ४ हा १०.२२०... असा न संपणारा होऊन बसेल. लिंडेमान यांनी १८८२ मध्ये पाय पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याच बहुपदी समीकरणात बसत नाही हे दाखवले, तेव्हाच ती पळवाट बंद झाली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९९५ मध्ये सायमन प्लूफ यांना सापडलेल्या आणि बेली व बोरवाइन यांच्यासह प्रसिद्ध झालेल्या सूत्राने सोळाच्या पायातला पायचा हवा तो अंक आधीचे अंक न काढता मिळतो. मग पायाला काहीच अर्थ नाही असे कसे म्हणावे? हिशेबाच्या सोयीपुरता पाया महत्त्वाचा आहे, हे मान्यच करावे लागते. पण ही सोय त्या सूत्रातल्या सोळाच्या घातांमुळे मिळते. तिने पायचे अपरिमेयत्व तसूभरही हलत नाही.

‘तुमचा फोन नंबर पायमध्ये कुठेतरी असणारच’ हे समाजमाध्यमांवरचे लाडके विधान तर अजून सिद्धच झालेले नाही. पायच्या दशांशात सर्व अंक सारख्या प्रमाणात येतात की नाही, याचीही सिद्धता आजवर कुणाकडे नाही. १०० लाख कोटी अंक मोजूनही ती मिळत नाही. येत्या १४ मार्चला जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांनी पाठांतराची स्पर्धा बाजूला ठेवावी आणि मुलांना २२/७ सातच्या पायात, ३९२७/१२५० दहाच्या पायात मांडायला सांगावे. सवड असेल तर वर्ग पाटणलाही न्यावा.